नावं कापलेले कागद

सोमवार, ३ जून

आज सकाळी चहाच्या आधीच दुकानात गेलो, भिंतीवरच्या हुकांना टांगलेले सगळे कित्ते उतरवले आणि मोठ्या कात्रीने प्रत्येकावरचं नाव कापून काढलं. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, रात्री दहिवर पडलं होतं. कात्रीचं लोखंड बोटांना चावत होतं. तरी काम संपवूनच उठलो.

खाकी कागदाचे हे कित्ते म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांची अंगंच. एखादीचा ब्लाउज एकदा मनासारखा बसला की तिचा कित्ता मी जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ती नुसता निरोप धाडते आणि मी कापड कापतो. इथल्या प्रार्थना मंडळाच्या जवळजवळ सगळ्या बायका अशा माझ्या भिंतीवर आहेत. गुरुवारी त्या लाल ब्लाउज, पांढरी कॉलर आणि काळा स्कर्ट घालून चर्चच्या चढणीला लागल्या की मी दारात उभा राहून बघतो. सगळ्या एकसारख्या दिसतात. पण ते एकसारखं दिसणं किती वेगवेगळ्या तऱ्हांनी कापलेलं आहे हे मला माहीत असतं. देव माणसांकडे असंच बघत असेल, असं कधीकधी वाटतं.

शनिवारी किनाऱ्यावरच्या मोंती शहरातून ल्वांडिले आला होता. मुलगा चांगला, बोलायला गोड. त्याची कंपनी चर्चचे तयार पोशाख विकणार आहे. ‘ताता,’ बापाला हाक मारावी तसा म्हणाला, ‘दुकानातले कपडे शहरातल्या काटकुळ्या पोरींच्या मापाने निघतात. आम्हाला खऱ्या बायांची मापं हवीत. तुमचे कित्ते द्या, आणि पुढची दोन वर्षं अख्ख्या जिल्ह्याची कटाई तुमच्याकडे.’ सप्टेंबरात बायकांचा मोठा मेळावा आहे. तिथे ते हे कित्ते भिंतीवर लावणार आहेत, म्हणजे बायांना कळेल की हा पोशाख त्यांच्याच अंगावरून बेतलाय. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

‘फक्त नावं काढून टाका,’ तो म्हणाला. ‘नाव नसलं की ती कुणाची खासगी माहिती राहत नाही. कायदाच तसा आहे.’

शाळेच्या गणवेशांचं काम गेल्या वर्षी जवळच्या त्सोमो गावातल्या तयार कपड्यांच्या दुकानाने नेलं. हे काम मिळालं नाही तर नाताळपर्यंत यंत्रावर कापड झाकून मला मेव्हण्यासारखं मोंतीला जावं लागेल, कुणाच्या तरी फाटकावर रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून. तेव्हा नावं कापली.

माद्लोमो दारात उभी राहून बघत होती. बायको माझी, पण अशा वेळी सासूसारखी बघते.

‘मेंढीच्या कानाची खूण कापली,’ ती म्हणाली, ‘म्हणून गुराख्याला मेंढी ओळखू येत नाही का?’

‘या मेंढ्या नाहीत.’

‘तेच म्हणते मी,’ असं म्हणून ती चुलीकडे गेली.

तिचं काही कळत नाही. मापं तीच घेते. परक्या बाईच्या अंगाला पुरुषाने टेप लावायची आमच्यात रीत नाही. ती पडद्याआड माप घेते आणि आकडा मोठ्याने सांगते, मी बाहेर लिहितो. पण ती हमखास चुकीचा आकडा सांगते. बाई गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणते, ‘ते खोडा, हे लिहा.’ इतक्या वर्षांत तिला टेप वाचता येऊ नये? पोरीबाळींच्या स्कर्टला तर ती दोन-दोन बोटं जास्त दाब सोडायला लावते. कापड वाया जातं. आणि माभेलेचा ब्लाउज? त्याला गेली तीन वर्षं तिने मला हातच लावू दिलेला नाही. माभेले आमच्या मंडळाची प्रमुख, तिच्या तोडीची प्रार्थना करणारी बाई या नदीच्या दोन्ही काठांना नाही. तिचा ब्लाउज शिवणं हा माझा मान होता. तर म्हणे, ‘आम्ही दोघी एकाच डोंगरामागच्या, तिचं मीच कापते.’


गुरुवार, ६ जून

प्रार्थनेनंतर बायका नेहमीसारख्या दुकानात टेकल्या. माम्पिंगाच्या स्कर्टची शिवण उसवली होती, ती घालून होईतो ती टेबलाशी बसली. माम्पिंगा साठीची, गुडघे गेलेत पण डोळे घारीचे. कुणाच्या घरी कोण कधी आलं हे त्या घराआधी तिला कळतं. टेबलावर कित्त्यांचा ढीग होता.

‘हे काय जोला,’ ती मला म्हणाली, ‘नावं कुठे गेली?’

‘मोंतीला जायचेत,’ मी म्हणालो. ‘नाव नको असतं तिथे.’

तिने वरचा कागद उचलून उजेडाकडे धरला. ‘नाव कशाला हवंय? हा उजवा खांदा उतरलेला, ही नोझुको. आयुष्यभर एकाच खांद्यावरून पाणी आणलं हिने.’

बायका हसल्या. नोझुको तिथेच होती, तीही हसली.

‘ही पाठ बघा. ही आपल्या मास्तरांची बायको. मास्तर बोलतात आणि ही वाकते.’

‘माम्पिंगा, पुरे.’

‘आणि हा मुंढा! हा मुंढा जिल्ह्यात एकच. हिने दंडाने बैल अडवलाय.’

बाया यंत्रावर वाकून हसत होत्या. मलाही हसू आलं. एकेक कागद ती उचले, नाव सांगे, आणि एकही चुकली नाही. मग तिने एक उचलला आणि तिचं हसणं थांबलं. कागद उलटा केला, सुलटा केला.

‘हिची डावी बाजू कुठे गेली?’

माद्लोमो कुठून आली कळलं नाही. तिने तो कागद तिच्या हातातून घेतला, चुरगळून ॲप्रनच्या खिशात घातला. ‘ही यांची चूक,’ म्हणाली. ‘खोकल्याचं औषध पिऊन बसले होते कापायला. डावी बाजू कापायचीच विसरले.’

बायका पुन्हा हसू लागल्या. ‘आम्हालाही सांग, कुठलं औषध ते!’ कुणीतरी म्हणालं. माम्पिंगा मात्र हसली नाही, माद्लोमोच्या खिशाकडे बघत राहिली.

मला राग आला. इतक्या वर्षांत मी एकही बाजू कापायला विसरलेलो नाही. माभेले कोपऱ्यात बसून होती. शाल खांद्यावर नीट करून सगळ्यांच्या आधी उठली.


शुक्रवार, ७ जून

तो कागद माद्लोमोने जाळला नव्हता. पिठाच्या डब्याखाली सपाट करून ठेवला होता. ती पाण्याला गेल्यावर काढून बघितला.

ती चूक नव्हती. डाव्या बाजूला छातीचे टक्स नाहीत, आणि आतून अस्तराची एक पिशवी बेतलेली, कापूस भरायला. टाके टाकायच्या जागा पेन्सिलीने इतक्या बारीक दाखवल्यात की मलाही जमलं नसतं. उजवी बाजू मी ओळखतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीच कापत होतो ती. माद्लोमोने हा कागद नाव न घालता दुसऱ्याच एका कित्त्यामागे टांगला असणार, म्हणून नावं कापताना मला दिसला नाही.

माभेले तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला म्हणून केपला गेली होती. परत आली ती अर्धी होऊन. शहरातलं अन्न मानवत नाही, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो होतो.

कागद होता तिथे ठेवला. माद्लोमोला काही बोललो नाही. देवाला सगळ्यांची मापं माहीत असतात, आणि तो कुणाला सांगत नाही.


रविवार, ९ जून

माभेलेने प्रार्थना सांगितली. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, तुरुंगातल्यांसाठी. आवाज असा की पत्र्यावरची कबुतरंही गप्प झाली असतील. माझी मान वर होईना. मेळाव्यात तिचं नाव जिल्हा प्रमुख म्हणून पुढे येणार आहे. आणि त्याच मेळाव्यात तिचं अंग भिंतीवर लागणार, माझ्या भिंतीवरून उतरून. तिथे एक माम्पिंगा नसेल, दोनशे असतील.


मंगळवार, ११ जून

त्सोमोला जाऊन आलो. पोस्टाच्या मागे एका खोलीत लोकांसाठी फुकट सल्ला केंद्र आहे. तिथे झुकिस्वा न्कोहला नावाची बाई बसते. तिशीची असेल, पायात पुरुषी बूट, टेबलावर तेलकट कागदात कणकेचे गरम तळलेले गोळे. माझ्या मनात आलं, ही पोर मला काय सांगणार.

‘बसा ताता. एक घ्या. मी खातखातच बोलते, सकाळपासून काही पोटात नाही.’

ल्वांडिलेने शनिवारी दिलेला कराराचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने बोटं पुसून तो नीट वाचला.

‘“नावं वगळून दिलेली मापं ही वैयक्तिक माहिती समजली जाणार नाही.” हे कुणी ठरवलं?’

‘कंपनीने.’

‘कंपनीच्या ठरवण्याने काय होतंय? मी या गोळ्याला मटण म्हटलं तर तुम्ही हाड शोधाल का?’

मग मी सरळच विचारलं, की वैयक्तिक माहिती म्हणजे तरी काय. मला वाटलं होतं, नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर.

‘ती झाली वरची साल,’ ती म्हणाली. ‘जिवंत माणसाबद्दलची कुठलीही माहिती, जिच्यावरून तो माणूस ओळखता येतो. वय, आजारपण, अंगाचं माप, आवाज, अंगठ्याचा ठसा, कुठल्या चर्चला जातो, दुकानातून काय नेतो. दुसऱ्याने तुमच्याबद्दल दिलेलं मतसुद्धा.’

‘मतसुद्धा?’

‘आता मी इथे लिहून ठेवलं की हे ताता हट्टी आहेत. मत माझं, पण माहिती तुमची. तुम्ही येऊन विचारू शकता, माझ्याबद्दल तुझ्याकडे काय लिहिलंय. मला दाखवावं लागेल.’

इतक्या वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं की माझ्याबद्दलचं बोलणं माझ्या मालकीचं आहे.

‘पण नाव कापलं तर?’ मी म्हणालो. ‘आणि तसं बघितलं तर माझ्या कागदांवर आडनावंही नव्हती. नुसतं घराणं. माभेले. भेले घराण्याच्या लेकी या देशात हजारोंनी असतील.’

‘तुमच्या वाडीत किती?’

‘एक.’

‘मग ते तिचंच नाव झालं.’ तिने कपाटातून एक पुस्तक काढलं आणि सावकाश, आमच्या भाषेत करून वाचलं. आधीच ध्यानात येण्यासारख्या कुठल्याही मार्गाने त्या माणसापर्यंत पोहोचता येत असेल, तर नाव काढून उपयोग नाही, ती माहिती त्या माणसाचीच राहते. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मोठमोठ्या इमारतींत बसणाऱ्या माणसांनी लिहिलेलं वाक्य, पण लिहिणारा कुणीतरी वाडीत वाढलेला असला पाहिजे. त्याला ठाऊक होतं की नाव ही माणसाची सगळ्यात लहान खूण आहे.

‘तुमच्याकडे आहे का असा मार्ग?’ तिने विचारलं.

‘आहे. त्या मार्गाला माम्पिंगा म्हणतात.’

ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. हसणं आवरल्यावर विचारलं, ‘बायकांनी तुम्हाला मापं कशासाठी दिली?’

‘ब्लाउजसाठी.’

‘मग ती ब्लाउजपुरतीच. दुसऱ्या कशासाठी वापरायची असतील तर विचारायचं. एकेकीला, नीट समजावून. आणि हो म्हणायचं दडपण वाटता कामा नये. जी नाही म्हणेल तिचा कागद हलणार नाही. या सगळ्यात जबाबदार तुम्ही, कंपनी नंतर. कायद्याच्या भाषेत तुम्ही जबाबदार पक्ष आहात, ताता.’

जबाबदार पक्ष. इतका मोठा हुद्दा मला चर्चनेही कधी दिला नाही.

निघताना आठवलं म्हणून विचारलं, की मेलेल्यांचं काय. माझ्या आईचा कित्ता अजून हुकाला आहे.

‘कायदा जिवंतांपुरता.’

‘आमच्याकडे तर मेलेलेच जास्त लक्ष ठेवून असतात.’

‘मग त्यांचं ते बघून घेतील,’ ती म्हणाली. ‘त्यांना माझी गरज नाही.’

वाटेत टॅक्सीत मी तिच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली. अंगावर साधा स्वेटर, तोही कोपराला विरलेला. आणि केवढी राखण करते.


गुरुवार, १३ जून

मला वाटलं होतं वाट सापडली. प्रत्येकीला विचारायचं, ज्या हो म्हणतील त्यांचे द्यायचे. रात्री जेवताना, मक्याच्या कण्या आणि घेवडा खाताना, माद्लोमोला सांगितलं. तो कागद पाहिल्याचंही सांगितलं.

तिने पळी खाली ठेवली. ‘कधी पाहिलात?’

‘शुक्रवारी.’

‘आणि गप्प राहिलात?’

‘गप्पच राहिलो.’

तिने माझ्या ताटात न मागता आणखी कण्या वाढल्या. मग म्हणाली, ‘विचारा सगळ्यांना. सगळ्या हो म्हणतील, तुमच्यासाठी. तुमचं दुकान चालावं हे कुणाला नको आहे? एकच नाही म्हणेल. मग माम्पिंगा विचारेल, नाही म्हणणारी ती एक कोण? आणि का?’

‘माभेलेला न विचारताच तिचा बाजूला ठेवला तर?’

‘मेळाव्यात प्रत्येक बाई भिंतीवर स्वतःला शोधत फिरणार. मंडळाची प्रमुखच भिंतीवर नाही, हे कुणाला दिसणार नाही?’

‘तिचा जुना कित्ता देतो. आजाराआधीचा.’

‘आणि शेजारी उभी राहून ती सगळ्यांदेखत खोटं अंग मिरवील?’

झुकिस्वाच्या कायद्याने बाईला नाही म्हणायचा हक्क दिला. पण आमच्या वाडीत बाईचं नाही म्हणणं हीच तिच्याबद्दलची सगळ्यात मोठी बातमी. कायद्याने हेही ओळखलं असेल का? बहुधा असेल. आधीच ध्यानात येण्यासारखा कुठलाही मार्ग, असं त्यात म्हटलंय. हा मार्गही त्यातलाच. फक्त तो मला माद्लोमो बोलल्यावर दिसला.

एकच कागद अडला आहे आणि त्याने सगळे अडले आहेत.


सोमवार, १७ जून

ल्वांडिलेचा फोन. महिनाअखेर कित्ते हवेत. ‘ताता, दुसरा एक शिंपी तयार आहे, पण साहेबांना तुमचंच काम आवडलं.’ मी म्हणालो, कळवतो. मेव्हण्याचाही फोन आला. तो म्हणाला, पहाऱ्याच्या कामाला डोळे लागत नाहीत, फक्त जागं राहायचं.

प्रार्थनेला बसलो, पण शब्द आले नाहीत. यंत्र पुसून ठेवलं.


बुधवार, १९ जून

माभेले आली होती. भर दुपारी, एकटी. नेहमी सरळ पडद्याआड जाते, आज बाहेर माझ्यासमोर स्टुलावर बसली. माद्लोमो आत इस्त्री करत होती, ती बाहेर आली नाही.

‘जोला,’ ती म्हणाली, ‘माझ्यामुळे तुझं काम अडलंय म्हणे.’

‘तुमच्यामुळे काही नाही अडलं.’

‘खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. लहानपणापासून.’ ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मला शाळेत जाताना पाहिलंय तिने. ‘माझाही कागद दे. मी उद्या प्रार्थनेला उभी राहते आणि स्वतःच सांगते. मग माम्पिंगाला भिंतीवर वाचायला काही उरणार नाही.’

मी विचारलं, तीन वर्षं का नाही सांगितलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

तिने शाल मांडीवर घडी केली. ‘लोक माझ्याकडे येतात, माभेले, आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणतात. कळलं की माझ्यासाठी प्रार्थना करायला येतील. रोज दारात कुणीतरी, आवाज खाली करून. मला आजारपण सोसलं, जोला. ते सोसणार नाही. अजून तरी.’ मग हसली. ‘पण तुझी बायकोपोरं उपाशी बसणार असतील तर सोसेन.’

अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. ती स्वतःच्या जखमेवरचं कापड माझ्या दुकानासाठी काढून द्यायला आली होती, आणि ते सांगत होती जणू साखर उसनी द्यायची आहे.

हो म्हणायची इच्छा झाली. क्षणभर झाली, ते लिहून ठेवतो.

मग म्हणालो, ‘तुमचं आहे ते. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, सगळं तुमचं. पण माझ्या पोटासाठी सांगितलंत, तर ते तुम्ही सांगितलं असं होत नाही. मी तुमच्याकडून काढून घेतलं असं होतं.’

तिने शालीची घडी पुन्हा उलगडली. ‘हे कुठे शिकलास?’

‘त्सोमोला. पोस्टाच्या मागे.’

‘घरी नाही शिकलास?’

‘घरी कोण शिकवणार? माद्लोमोला साधा आकडा नीट सांगता येत नाही. कमर एवढी, म्हणून ओरडते, आणि बाई गेल्यावर वेगळाच आकडा लिहायला लावते.’

माभेलेने पडद्याकडे पाहिलं. आत इस्त्री थांबली होती. ‘हो का,’ ती म्हणाली, आणि तोंडावर शाल धरून हसायला लागली. आतून माद्लोमोचंही हसू ऐकू आलं. बायका कशाला हसतील नेम नाही. पण मला बरं वाटलं, पुष्कळ दिवसांनी दुकानात कुणी हसलं.


शुक्रवार, २१ जून

ल्वांडिलेला फोन केला. म्हणालो, कित्ते देणार नाही.

‘एकही नाही?’

‘एकही नाही.’

‘कुणी हरकत घेतली का ताता? कुणी एखादी असेल तर तिचा वगळू.’

‘कुणीही घेतलेली नाही. मी देत नाही.’

‘पण कारण काय सांगू साहेबांना?’

‘सांगा, शिंपी लहरी आहे.’

मग म्हणाला, ‘माझ्या आईचा ब्लाउज तुम्हीच शिवला होता, तिच्या शेवटच्या वर्षी. म्हणून तुमचं नाव मी सुचवलं होतं.’ मी त्याला म्हणालो, माहीत आहे, माझ्या लक्षात आहे तिचा खांदा. तो म्हणाला, बरं ताता, आणि फोन ठेवला.

भिंतीकडे बघत बसलो. इतकी अंगं माझ्या एका खोलीत, एका कुलपामागे. उद्या मी मोंतीला गेलो, किंवा माझं काही झालं, तर हे कागद कुणाच्या हाती जातील? आज ल्वांडिलेला नाही म्हणालो म्हणून काम संपत नाही.


बुधवार, २६ जून

सोमवारपासून घरोघर जाऊन जिचा कित्ता तिला परत देतोय. आज संपले.

प्रत्येकीला एकच सांगितलं. हे तुझं आहे, तुझ्या घरी ठेव. शिवायचं असेल तेव्हा घेऊन ये, काम झालं की परत ने. बहुतेकींना वाटलं मी दुकान बंद करतोय, दोघी रडल्या. नोझुकोने तो दारामागे खिळ्याला अडकवला, ख्रिस्ताच्या चित्राखाली. मास्तरांच्या बायकोने दार लोटून घेतलं आणि आत स्वतःला लावून बघितला असावा, कारण बाहेर आली ती ताठ चालत. वारलेल्यांचे त्यांच्या लेकींना दिले. आईचा माझ्या बहिणीला दिला. तिने वास घेऊन बघितला. कागदाला वास कुठला असणार, पण ती म्हणाली, आहे.

माभेलेकडे काल गेलो. माद्लोमोने कापलेला कागद आणि माझा जुना, दोन्ही एका घडीत. तिने घडी उघडलीही नाही. चूल पेटवत होती, तीच घडी शेणीखाली सारली आणि काडी लावली. मग तिने चहा ठेवला, आम्ही प्यालो, आणि ती सप्टेंबरातल्या मेळाव्याला जायला कुठली टॅक्सी बरी ते विचारत राहिली. जायचं ठरलंय तिचं. डिसेंबरात माझं काय, हे तिने विचारलं नाही. निघताना मात्र दारात उभी राहून माझ्या हातांसाठी प्रार्थना केली, नाव घेऊन.

माम्पिंगाचं घर मी शेवटी ठेवलं होतं. टाळत होतो म्हणणं जास्त खरं. ती अंगणात उन्हाला बसली होती. मी कागद पुढे केला.

तिने उजेडाकडे धरला, सवयीप्रमाणे. उलटा केला, सुलटा केला.

‘कुणाचा हा?’

तिने स्वतःच वाचायला घेतलं.

‘केवढी वाकलीय ही. आणि ही कमर बघ, एका बाजूला पडलेली, जुन्या छपरासारखी. म्हातारीच आहे कुणीतरी. नदीपलीकडची का?’

‘तुमचा आहे, माम्पिंगा.’

तिचा हात तसाच राहिला, कागद वाऱ्याने हलत होता. कोंबड्या पायाशी आल्या होत्या, तिने त्यांना हाकललं नाही. मग तिने कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, मुठीएवढी होईपर्यंत.

‘हा कुणी पाहिला?’

‘मी कापला तेव्हा मी. दुसरं कुणी नाही.’

‘त्या दिवशी ढिगात होता?’

‘होता. सगळ्यात खाली. तुम्ही तिथवर पोहोचला नाहीत.’

मला वाटलं आता विचारणार, आणि तिने विचारलंच. ‘आणि तो, माद्लोमोने हिसकावला तो? डावी बाजू नसलेला? कुणाचा होता जोला?’

‘मी कापलेल्या कागदांबद्दल मी बोलत नाही,’ मी म्हणालो. ‘उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं, तरी हेच सांगेन.’

तिने माझ्याकडे बघितलं, ते घारीचे डोळे, मग मुठीतल्या घडीकडे. घडी तिने ब्लाउजच्या आत सरकवली.

‘बस,’ ती म्हणाली. ‘चहा टाकते.’

मी म्हणालो, काम आहे. तिचं फाटक ओढून घेतलं आणि घरी आलो. भिंतीवर आता एकही कागद नाही.